शेवटच्या आधणाची सभा

कोल्हापूरला जाऊन आले म्हटलं की ठाण्यातल्या आमच्या सोसायटीतल्या बायका दोनच प्रश्न विचारतात. देवीचं दर्शन झालं का, आणि चपला आणल्या का. यंदा मी दोन्हीला नाही म्हटलं, तर एकमेकींकडे बघायला लागल्या. मग गेलीस कशाला एवढ्या लांब? सभेला, म्हटलं. त्यावर ज्या हसल्या! त्यांचंही बरोबर आहे म्हणा. आमच्याकडे सभा म्हणजे रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब, आणि अर्ध्या तासानं पुन्हा तीच चार डोकी. वर गार समोसे. असल्या सभेसाठी कुणी बसमध्ये अंग आंबवून घेईल हे त्यांना पटायचं नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या माहेरची सभा गुऱ्हाळात भरते. भरायची, असं म्हणायला हवं आता. गाव पंचगंगेकाठचं, कसबा बावड्याच्या पलीकडचं. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर माझा चुलतभाऊ बाळू फोन करून शिव्या घालेल. गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या काहिलीत आटवून गूळ करतात, आणि काहिलीच्या एका भरतीला आधण म्हणतात. आमच्या गावची रीत अशी की ज्याच्या उसाचं आधण चुलवणावर, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीवर असेल, तो त्या दिवशी सभेचा अध्यक्ष. त्यानं गुळाच्या रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर बसायचं, बाकीच्यांनी खाली. काहील उतरायच्या आत विषयाचा निकाल लावायचा. गुळव्यानं, म्हणजे गूळ शिजवणाऱ्यानं, हाळी दिली की सभा संपली, कारण गूळ कुणाच्या भाषणासाठी थांबत नाही, करपतो. राहिलेला विषय पुढच्या आधणाला.

माझे वडील, आबा, त्या पोत्यांवर कितीदा तरी बसले. मी लहानपणी चिपाडांच्या ढिगावर बसून बघायची आणि विचारायची, आबा, मी कधी बसणार? आबा म्हणायचे, तुझं लग्न होईल तिथं बस. लग्न झालं ठाण्यात. तिथं कुठलं आलंय चुलवण? पण ती हौस काही गेली नाही. आबा गेल्यावर त्यांच्या रानातला एक तुकडा माझ्या नावावर झाला, बाळू तो कसतो. जानेवारीत त्याचा फोन आला, "आक्का, गुऱ्हाळ बंद करतोय. गडी मिळंनात, समदी पोरं कागलच्या एमआयडीसीत. ऊस आता कारखान्याला. शेवटचं आधण तुझ्या रानातल्या उसाचं लावतो. येऊन बस एकदाची पोत्यावर."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. नवरा घाबरून बघायला आला. म्हटलं, काही नाही, मला अध्यक्ष केलंय.

मार्केट यार्ड, शनिवार

स्टँडवर उतरले ती थेट मार्केट यार्डात गेले. बाबूअण्णांना भेटायचं होतं. हे आमच्या गावचे जुने अडते. घर जैनांचं, अडत त्यांच्या आज्ज्यापासूनची. आमच्या गावच्या गुळाच्या गाड्या पूर्वी शाहूपुरीत त्यांच्याच दारात सुटायच्या. सौदे चालले होते. एका ओळीनं रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, मांडलेले, दलाल पुढं, व्यापारी मागं, आणि सगळे एकदम ओरडतायत. ठाण्यात एवढ्या आवाजात कुणी बोललं तर पोलीस येतील. इथं ते प्रेमानं बोलत होते.

"ये की गं! आबांची पोरगी न्हवं तू? बस. च्या घे."

अण्णांनी गुळाचा चहा मागवला. मी सांगितलं, उद्या अध्यक्ष आहे मी. ते इतके खूश झाले की जवळच्या हमालाला थांबवून सांगितलं, "ही बघ, शेवटच्या आधणाची अध्यक्ष!" हमाल बिचारा पोतं डोक्यावर घेऊन मान डोलवायचा प्रयत्न करत होता.

मग अण्णा सांगायला लागले. मला अर्धं माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं.

"गुळाची गाडी पेठेतनं रोख पैसा घेऊन माघारी गेली न्हवं, तवापास्नं तुमच्या गावाची मान ताठ झाली. त्याआधी काय हुतं? पाटलाच्या दारात पागोटं काढून उभं ऱ्हायचं. रोकड आली, मग कोण कशाला उभं ऱ्हातंय! मग गावानं ठरवलं, हरेक आधणातला एक रवा गावाचा. गावरवा. तो मी निराळा इकायचो. त्यातनं घाटाच्या पायऱ्या झाल्या, मास्तरचा पगार झाला. आता पैसा आला की भांडण आलंच की! हा गावाचा पैसा ठेवायचा कुणी, खर्चायचा कुणी? कुणाचा कुणावर इस्वास न्हाय. तवा कुणीतरी शहाण्यानं काढलं, की ज्याचं आधण तो त्या दिवसाचा मुखत्यार. उद्या दुसरा. एकाच्याच बुडाखाली पोती ऱ्हायला नकोत."

"आणि जैनांचं आधण असलं तर?"

"तर आमचा माणूस बसायचा. आमची एक इधवा काकू बसलेली. डोईवर पदर घेऊन, अशी! समोर तुमचे मिशीवाले समदे खाली. बायकांना मत म्हंजे काय ठाऊक नव्हतं तवा. पण ऊस तिचा, आधण तिचं. कोण काय बोलणार?" अण्णांनी बशीतला चहा ओढला. "पुढं इलेक्शनं आली तवा बाकीची गावं बावरली. तुमचं गाव न्हाय बावरलं."

ऐकून मला इतकं भरून आलं की काय सांगू. दिल्लीबिल्लीचं मला माहीत नाही, पण आमच्याकडची लोकशाही गुळाच्या वासाची आहे असं मी त्यांना म्हणाले. अण्णा हसले, म्हणाले, हे उद्या भाषणात घाल. मी खरंच मनात घोकून ठेवलं.

बावड्याचा रस्ता

पुढं एक फजिती झाली ती लपवत नाही. रिक्षावाल्याला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, मी सांगते रस्ता, माझं माहेर आहे. कसबा बावड्यात कारखान्याची चिमणी दिसली, मळीचा वास आला, जीव गार झाला. आता डावीकडे ऊस संपला की फाटा. मी ऊस संपायची वाट बघत बसले. पण ऊस सुरूच होईना! जिथं रान होतं तिथं अपार्टमेंटी, रो-हाऊस, 'टू बीएचके तयार' असे फलक. फाटा कधीच मागं पडला होता.

"मावशी, म्हायेर नक्की ह्याच जिल्ह्यात हाय न्हवं?" रिक्षावाल्यानं विचारलं.

माझी चिडचिड झाली. "गप चालव की," म्हणाले, आणि माझ्याच गावचा रस्ता मला एका सिक्युरिटीवाल्याला विचारायला लागला. तो उत्तर प्रदेशचा, तरी त्याला बरोबर माहीत होता.

बाळूच्या घरी पोचले तर वहिनीनं चूल पेटवूनच ठेवली होती. तिचं माहेर आजऱ्याचं, त्यामुळे त्या घरात घनसाळ भाताला तोड नाही. झाकण काढलं की सोप्यापर्यंत वास. बरोबर मेथीची भाजी, मिरचीचा खर्डा, वर ताजी काकवी, म्हणजे गूळ व्हायच्या आधीचा पातळ पाक. ठाण्यात मी डॉक्टरच्या धाकानं साखर मोजून खाते. इथं वहिनीनं भाकरीवर काकवी ओतली आणि म्हणाली, "डागदर तिकडं ऱ्हातोय न्हवं? ऱ्हाऊ दे तिकडंच."

संध्याकाळी सुली आली. सुली म्हणजे गुऱ्हाळाच्या चुलव्याची मुलगी, माझ्याच वयाची. चुलव्या म्हणजे चुलवणात जाळ घालणारा. तिच्या आज्ज्यानं, बापानं हेच काम केलं. सुलीला नवरा घरजावई मिळाला, तो वारला, आणि आता जाळ तीच घालते. चिपाडांच्या ढिगावर आम्ही दोघी शेजारी बसायचो. तिनं आल्या आल्या पाठीत असा धपाटा घातला की काकवी सांडली.

"काय गं शालन, लई दिसानं! मी म्हटलं इसरली हिकडली वाट."

"इसरलोच होतो आज," मी म्हणाले. बघा, कोल्हापुरात पोचून एक दिवसही झाला नव्हता आणि मी पुन्हा इथल्या बायकांसारखी आलो-गेलो बोलायला लागले होते.

"उद्या तू बसणार काय पोत्यांवर?"

"व्हय की! इरकल आणलंय खास."

सुली माझ्याकडे बघत राहिली. मग "बस की, बस," एवढंच म्हणून उठली. तेव्हा मला काही वाटलं नाही. दमली असेल म्हटलं.

गुऱ्हाळ, रविवार

सकाळी इरकल नेसून गेले. दारातच मळीच्या बादलीला पाय लागला आणि काठाला हिरवट फेस. वहिनीनं पुसलं, ते आणखी पसरलं. असो.

चरकातून रस पडत होता. काहील भरली, रस निवळायला भेंडीचं पाणी पडलं, मळी वर आली. सुली खाली खड्ड्यात चुलवणाच्या तोंडाशी वाळलेली चिपाडं आत सारत होती. वाफेनं छप्पर भरून गेलं. तो वास आला आणि आबा पलीकडे उभे आहेत असं इतकं खरं वाटलं की मी वळून बघितलं. तिथं उसाच्या मोळ्या होत्या.

माणसं जमली. विषय सगळ्यांना ठाऊक होता. गुऱ्हाळाची जागा गावरव्याच्या पैशातून घेतलेली, म्हणजे गावाची. आता गुऱ्हाळ नाही, तर जागेचं काय करायचं? बावड्याकडून प्लॉटवाले येऊन गेले होते. बाळूनं पोती झटकली, त्यावर घोंगडं टाकलं. "आक्का, बस."

मी पाऊल उचललं, तेवढ्यात खड्ड्यातून आवाज आला, "थांबा जरा."

सुली वर आली. लुगडं राखेनं भरलेलं, तोंड लाल. तिनं हात झटकले. "आज अध्यक्ष मी हुणार."

बाळू म्हणाला, "सुलाबाई, आधण आक्काच्या उसाचं हाय."

"ऊस तिचा हाय, व्हय. आणि जाळ कुणाचा? माझ्या आज्ज्यानं घातला, बानं घातला, आता मी घालतोय. ह्या गावाच्या समद्या सभा आमच्या जाळावर झाल्या. आमी खालनं ऐकल्या. पण आमचं आधण कवाच लागलं न्हाय. रान न्हाय म्हणून ऊस न्हाय, ऊस न्हाय म्हणून त्या पोत्यांवर बसायचं न्हाय. ग्रामपंचायतीला माझं मत चालतंय, हितं का चालत न्हाय?"

मला राग आला. खोटं कशाला बोलू! तिचं म्हणणं कानात शिरायच्या आधी राग शिरला. "सुले, आजचाच दिवस मिळाला होय गं तुला? मी एवढ्यासाठी ठाण्यासनं आलोय!"

"मग मी उद्या कुठं जाऊ? उद्या आधणच न्हाय."

आदल्या दिवशी अण्णांनी सांगितलेली ती काकू माझ्या मनात आली. तिच्याबद्दल ऐकताना माझी छाती फुगली होती. पण तिच्या पुढ्यात सगळं गाव बसलं होतं तेव्हाही सुलीचे आजे-पणजे खड्ड्यात उभे असणार, हे मला काल सुचलं नव्हतं. अण्णांनाही नाही.

गुळव्यानं काहिलीवरनं ओरडून सांगितलं, "रस आटाय लागलाय, काय ते ठरवा की! का करपवू?"

"हात वर करा," कुणीतरी म्हणालं. अध्यक्ष कोण, यावर गावात कधीच हात वर झाले नव्हते. तो प्रश्न ऊसच सोडवायचा. मी पटकन माझा हात वर केला, माझ्यासाठीच. लाज वाटली, तरी केला. शेजारी तात्या बसले होते. हे आबांचे दोस्त, आता गावातले सगळ्यात म्हातारे. त्यांनी हळूच माझं कोपर धरलं.

"शालन, तुझं मत हितं हाय काय?"

"तात्या, ऊस माझा हाय!"

"उसाला मत न्हाय गं बाय आता. तुझं नाव कुठल्या यादीत हाय?"

"ठाण्यात," मी म्हणाले.

मी हात खाली घेतला. सुलीसाठी हात वर झाले. आधी मोळ्यांपाशी उभ्या असलेल्या ऊस सोलणाऱ्या बायकांचे, मग पोरांचे, मग एकेक करून सगळ्यांचे. बाळूनं माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली आणि हात वर केला. सुली राखेच्या लुगड्यानं पोत्यांवर चढून बसली. इतकी सरळ बसली! आबा नेहमी एका कुशीवर कलून बसायचे. सुलीच्या जागी जाळ घालायला तिची भाची खड्ड्यात उतरली.

पहिली गोष्ट तिनं केली ती म्हणजे उभ्या असलेल्या सगळ्या बायकांना आत बोलावून बसवलं. मग विषय काढला. प्लॉटवाल्यांच्या बाजूनं दोघं बोलले, विरुद्ध बरेच. मतं मागायच्या आधी मी म्हणाले, मला बोलू द्याल का. सुली म्हणाली, "बोल की. बोलायला कोण नको म्हणतंय?"

लोकशाही आणि गुळाचा वास ते वाक्य मी बोलले नाही. मी एवढंच म्हटलं, जागा विकू नका, आणि हे चुलवण, ही काहील आहे तशी ठेवा. पुढच्या पोरांना दिसू दे. माझे आबा इथं... आणि तिथं मला रडू फुटलं. भर सभेत, नाक पुसत.

सुली म्हणाली, "शालन, तुझं कळतंय मला. पण त्या खड्ड्यात माझा बा खोकून मेला. मला ते बघायला नको वाटतंय." मग सभेला म्हणाली, "जागा इकायची न्हाय. चुलवण मुजवायचं. हितं पोरींच्या अभ्यासाला खोली, आणि सभा तिथंच. मान्य असंल तर हात."

एकजात हात वर गेले. माझाही उठला होता थोडासा, सवयीनं. मी तो पदरात धरून ठेवला.

"उतरली!" गुळव्यानं हाळी दिली. गडी धावले, काहील गूळ गार करायच्या वाफ्यात पालथी झाली, सोनेरी लगदा पसरला. सभा वेळेत संपली होती. आबा असते तर म्हणाले असते, ह्याला म्हणायचं अध्यक्ष.

आता अध्यक्षानं आपल्या हातानं गरम गूळ वाटायचा. सुली उसाच्या चोयटीवर, म्हणजे सालपटावर, एकेक गोळा घेऊन उठली. वाटपाची रीत जुनी आहे. आधी परगावचे, मग गावचे, आणि अध्यक्षाच्या घरचे सगळ्यात शेवटी. आबा बसायचे तेव्हा पहिला गोळा ट्रकच्या ड्रायव्हरला किंवा कुठल्यातरी सोयऱ्याला, आणि मी शेवटची. तोपर्यंत गूळ घट्ट झालेला असायचा. मी फुरंगटून बसायची आणि आबा म्हणायचे, घरच्यांना थांबायला लागतंय बाय.

मी मागं भिंतीशी बसले होते. माझ्या पुढं सगळं गाव होतं. सुली त्या सगळ्यांना ओलांडून चालत आली, कुणालाही न देता, थेट माझ्यापर्यंत. माझ्यासमोर वाकली. तिच्या डोळ्यांत माया होती, अगदी खरी. पण ती अध्यक्ष होती, आणि रीत तिला पाठ होती. खालून तिनं ती आयुष्यभर बघितली होती.

"घ्या पावणं," ती म्हणाली.

मी दोन्ही हात पुढं केले. गूळ इतका ताजा होता की बोटं पोळली. सगळे थांबले होते, कारण पाहुण्यानं तोंडात घातल्याशिवाय गावानं खायचं नसतं. मी घास घेतला. एवढा गरम, एवढा मऊ गूळ त्या गुऱ्हाळात मला आजवर कधीच मिळाला नव्हता.